आज आरिमासु का? : आपल्या जपानी वर्गाची हकिकत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सगळ्या विभागांना एक छापील तक्ता पाठवला. स्थापना वर्ष, उद्घाटकाचे नाव, पहिले विभागप्रमुख, मंजूर पदे, उपकरणांची किंमत. यंत्र विभागाने तो दोन दिवसांत भरून दिला. जपानी वर्गाचा तक्ता माझ्या टेबलावर पंधरवडा पडून होता, कारण पहिल्याच रकान्यात गाडी अडली. हा वर्ग कधी सुरू झाला हे कुठल्याही ठरावात नाही. उद्घाटन झाले नाही, म्हणून फीत कापतानाचा फोटो नाही. विभागप्रमुख नाहीत, कारण विभागच नाही. उपकरणे म्हणाल तर एक टेपरेकॉर्डर, आणि तोही शिकवणाऱ्यांनी घरून आणलेला. शेवटी वरच्या मजल्याच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या मामांना विचारले. ते जरा थांबून म्हणाले, "ज्या साली गच्चीवरची टाकी फुटली ना सर, त्या साली." दुरुस्तीची फाइल काढून पाहिली, तर टाकी दोनदा फुटलेली.

तेव्हा तक्ता बाजूला ठेवून हकिकतच लिहितो. तक्ता ज्यांना हवा असेल त्यांनी यंत्र विभागाचा पाहावा, तो फार सुंदर भरला आहे.

सगळ्यात जुना लेखी पुरावा म्हणजे एक वही. गणिताची, चौकडीची, किराणा दुकानात मिळते तशी. जपानी मुले अक्षरे गिरवायला चौकोनांचा कागद वापरतात. तो हिंगण्यात कुठून मिळणार? पहिल्या तुकडीने चौकडीच्या वहीवर काम भागवले आणि ती चाल अजून मोडलेली नाही. वहीच्या पहिल्या पानावर 'नु' आणि 'मे' ही दोन अक्षरे गिरवली आहेत. दोन्ही जवळपास सारखी, 'नु'च्या शेवटी शेपटाला एक गाठ जास्त. पानभर ती गाठ कुठे पडली आहे, कुठे राहून गेली आहे आणि समासात लाल शाईने एकच शब्द आहे : 'गाठ!' ते अक्षर आमच्या पहिल्या सरांचे.

सर हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. १९५९ साली जपानात एओटीएस नावाची संस्था निघाली. परदेशी कारखान्यांतल्या तंत्रज्ञांना बोलावून जपानी कारखान्यांत प्रशिक्षण द्यायचे, हे तिचे काम. सर ऐन तारुण्यात त्या योजनेतून जाऊन आले. कारखान्यात पाऊल टाकण्याआधी तिथे काही आठवडे भाषा शिकवत. सर म्हणत, यंत्र शिकायला गेलो होतो, यंत्र तर भंगारात गेले, भाषा तेवढी उरली. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून दर शनिवारी दुपारी स्कूटरवरून कॉलेजात येऊ लागले. मानधनाचा विषय कुणी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. मुले त्यांना 'सेन्सेई सर' म्हणत. सेन्सेई म्हणजेच सर, तेव्हा हे 'सर सर' झाले. पण एकाने तोड काढली की जपानी आदर वेगळा आणि नागपुरी आदर वेगळा, दोन्ही राहू द्या. राहिले.

आपल्या भागाची त्या वेळची चव नव्या वाचकांना नसेल. हिंगणा मार्ग म्हणजे सकाळी पाळीचा भोंगा, सायकलींचा लोंढा, मग कॉलेजांच्या बसगाड्या. वानाडोंगरीपासून डिगडोहपर्यंत टेकड्यांवर अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली, त्यांत सावनेर, काटोल, उमरेड, थेट गडचिरोलीकडची मुले आली. लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो यायला जानेवारी २०२० उजाडले. त्याआधी शनिवारी दुपारी सीताबर्डीहून इथे पोचायचे म्हणजे उभ्यानेच. अशा ठिकाणी फ्रेंच-जर्मनचा वर्ग निघाला असता तरी लोकांनी भुवया उंचावल्या असत्या. जपानीचा निघाला, आणि पहिल्या शनिवारी बाके कमी पडली. दिवाळीनंतर शेवटच्या चार रांगांवर धूळ होती. हा आलेख आजतागायत बदललेला नाही. जुलैत पूर, डिसेंबरात वाळवंट. मात्र जे उरतात ते उरतातच.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर पाच स्वर लिहिले : आ, इ, उ, ए, ओ. त्याखाली का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मग विचारले, ओळखीचे काही दिसते का? कुणाला दिसेना. सरांनी 'सा'च्या जागी 'चा' आणि 'हा'च्या जागी 'पा' लिहून पुन्हा वाचायला लावले : का, चा, ता, ना, पा, मा, या, रा, वा. वर्गात हसू पसरले. ही तर आपली बाराखडीची वाट. आणि तो योगायोग नव्हे. बौद्ध भिक्खूंनी संस्कृत मंत्रांबरोबर सिद्धम् लिपी चीनमार्गे जपानात नेली, आणि तिच्या अभ्यासातून जपानी अक्षरांना हा क्रम मिळाला. जुन्या जपानीत 'सा'चा उच्चार 'चा'च्या जवळ होता आणि 'हा'चा 'पा', म्हणून ती अक्षरे त्या जागी बसली. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्खू इ. स. ७३६ मध्ये जपानला पोचला आणि ७५२ मध्ये नारा इथल्या तोदाइजीच्या भव्य बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला. सरांचे म्हणणे एवढेच, की लिपी परकी म्हणून घाबरू नका, हे घर आपल्या सुताराने आखलेले आहे.

घर आपल्या सुताराचे असले तरी सामान निराळे. चित्राक्षरे पाहिल्यावर निम्मा वर्ग गळाला. शाळकरी शिक्षणापुरती नेमलेली, रोजच्या वापराची चित्राक्षरेच २०१० च्या यादीप्रमाणे २,१३६ आहेत. झाडाचे एक अक्षर, दोन झाडे शेजारी काढली की वन, तीन काढली की अरण्य, इथपर्यंत सगळे खूश असतात. पुढे चौदा-पंधरा रेघांचे अक्षर येते, त्यातही कुठली रेघ आधी हे ठरलेले, तेव्हा चहाच्या टपरीची आठवण येऊ लागते.

आता या वर्गाच्या इतिहासातली खरी घटना. तिची तारीख मला सांगता येत नाही, पण दुपार आठवते. मी तेव्हा नवा अधिव्याख्याता, मागच्या बाकावर बसून शिकत होतो. आमचे पाठ्यपुस्तक भारतात सगळीकडे चालते तेच, 'मिन्ना नो निहोंगो'. त्याच्यासोबत व्याकरणाच्या इंग्रजी टिपांचे वेगळे पुस्तक असते. आमची पद्धत अशी, की जपानी वाक्य वाचायचे, इंग्रजी टीप वाचायची, ती मनात मराठीत आणायची, मग उलट्या वाटेने परत जायचे. नागपूरहून हिंगण्याला कलकत्तामार्गे जाण्यासारखे. त्या दिवशी क्रियापदाचे 'ते' रूप चालले होते. 'ताबेरु' म्हणजे खाणे, त्याचे 'ताबेते', पुढे 'इरु' लावले की 'ताबेते इरु', म्हणजे खाण्याची क्रिया आत्ता चालू आहे. इंग्रजी टीप अर्ध्या पानाची. मुलांची डोकी खाली. सरांनी काटोलकडच्या एका मुलाला उभे केले आणि विचारले, "तुझा मित्र खोलीवर काय करतो आहे?" मुलगा बेसावध होता, घरच्या बोलीत बोलून गेला, "जेवून राहिला सर." वर्ग हसला. त्याने जीभ चावली आणि सुधारले, "सॉरी सर, जेवतो आहे."

सर म्हणाले, "सुधारू नको. पहिलंच बरोबर होतं."

मग फळ्यावर दोन ओळी एकाखाली एक आल्या. ताबेते – इरु. खाऊन – राहणे. 'इरु' म्हणजे सजीवाचे असणे, कुठे तरी राहणे. तुकडा तुकड्यावर चपखल बसला. 'काय करून राहिला बे?' हे आपण दिवसातून चाळीस वेळा म्हणतो, आणि पुण्याला गेलो की तेच वाक्य गिळून टाकतो, कारण त्यावर हसतात. जपानी माणूस दिवसभर तेच म्हणत असतो आणि त्याला कुणी हसत नाही. त्या मुलाचा चेहरा मी विसरलेलो नाही. ज्या बोलीपायी शाळेत टोकले, मुलाखतीत चाचरायला झाले, ती एका परभाषेची किल्ली म्हणून फळ्यावर लिहिलेली होती.

त्या दुपारनंतर इंग्रजी टिपांचे पुस्तक कपाटात गेले, आणि माझ्या मते आपला जपानी वर्ग त्या दिवशी स्थापन झाला. तक्त्यात हे लिहायला रकाना नाही.

पुढचे काही शनिवार म्हणजे लूट होती. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन पाहणे. 'मिरु' म्हणजे पाहणे, आपण जशी चव 'पाहतो' तसेच. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे. 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे, आणि 'ओकु' म्हणजे ठेवणेच. 'मोत्ते इकु' घेऊन जाणे, 'मोत्ते कुरु' घेऊन येणे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यातले एकेक प्रकरण पाठ करावे लागते. आपल्याला ते आधीच पाठ असते, नुसती चिठ्ठी बदलायची. वाक्याचा क्रम तर जुळ्या भावासारखा. 'वाताशि वा नागुपुरु कारा किमाशिता' : मी नागपूरहून आलो. 'कारा' म्हणजे हून, आणि तो शब्दाच्या मागेच चिकटतो. वर पुन्हा आलो, आले, आली हा लिंगाचा झगडा नाही, सगळ्यांना एकच 'किमाशिता'. प्रश्न करायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' लावायचा. 'किमासु का?' : येता का? तोच का, त्याच जागी, तेच काम. आणि 'छान आहे ना' मधल्या 'ना'चे काम तिकडे 'ने' करतो. भाषांचे कूळ एक नाही, हे सर बजावून सांगत. मराठी आणि जपानी नात्याने कुणी लागत नाहीत. पण शेजारणींच्या सवयी जुळतात तशा या दोघींच्या जुळल्या आहेत, मधे समुद्र असूनही.

'ते'च्या मोहाला एक वेसणही आहे, ती सांगितली नाही तर हा इतिहास खोटा ठरेल. 'शिनु' म्हणजे मरणे, त्याचे 'ते' रूप होते 'शिंदे'. तुकडीत एखादा शिंदे असतोच. हजेरी घेताना त्याचे नाव उच्चारले की वर्ग खो खो हसतो, आणि हे दर वर्षी नव्याने घडते. गंमत पुढे आहे. आपल्या हिशेबाने 'शिंदे इरु' म्हणजे 'मरून राहिला', म्हणजे अजून धुगधुगी आहे. जपानीत त्याचा अर्थ मेलेला आहे, कारभार आटोपला. तिथे 'इरु' कधी चालू क्रिया दाखवतो, कधी झालेल्या क्रियेची स्थिती. लग्न झालेला, पडलेला, उघडलेले दार, हे सगळे त्याच रूपात. एका हुशार मुलीने परीक्षेत धडधाकट माणसाला याच नियमाने मारून टाकले होते. सर म्हणाले, बोलीवर विश्वास ठेवा, पण वारसा हक्कासारखा नाही.

उच्चारांत आपली चांदी आहे. 'त्सु' हा आवाज हिंदी मुलखातल्या मुलांना जड जातो. आपण 'चूक' म्हणतो तेव्हा जो च येतो, 'चार'मधला नव्हे, तोच तर तो. 'त्सुकुए' म्हणजे टेबल. मराठी पोराला पहिल्या फटक्यात जमते. 'जहाज'मधला ज तसाच उपयोगी पडतो. उलट त्यांच्याकडे ल नाही, ळ नाही, ण नाही. हिंगणा त्यांच्या तोंडी हिंगाना होतो आणि नागपूर होते नागुपुरु. आपल्या कानाला तर पहिले महिनाभर करमणूकच असते. आई म्हणजे प्रेम, नाना म्हणजे सात, बारा म्हणजे गुलाब, उशी म्हणजे गाय, आणि कारे म्हणजे 'तो'. 'आरे' म्हणजे पलीकडचे ते, आणि 'वा' लावला की वाक्याचा विषय ठरतो. म्हणजे 'आरे वा' हे कौतुक नसून 'ते म्हणजे' एवढेच. पहिल्या परीक्षेत ध्वनिफितीवर 'आरे वा' ऐकून एकाने उत्तरपत्रिकेत 'वक्ता खूश आहे' असे लिहिले होते.

जे सोपे नाही तेही लिहून ठेवतो. जपानी आदरार्थ आपल्याला येतो असे वाटते, कारण आपल्याकडेही तू, तुम्ही, आपण आहेच. फसगत होते ती घरच्या माणसाविषयी परक्याशी बोलताना. आपण म्हणतो, 'साहेब आले नाहीत अजून', समोर कुणीही असो. जपानी कारकून बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या साहेबाच्या नावापुढचा 'सान' काढून टाकतो. आतले सगळे लहान, बाहेरचा मोठा. आपल्या मुलांच्या हे जिवावर येते. टोकियोजवळच्या एका कंपनीत लागलेला आपला एक विद्यार्थी फोनवर म्हणाला होता, "सर, नियम येतो, पण साहेबाला नुसत्या नावानं म्हणताना अजून पोटात गोळा येते."

विद्यापीठ म्हटले की जपानीचा रीतसर अभ्यास आपल्याकडे शांतिनिकेतन, दिल्ली, पुणे अशा ठिकाणांचा. शांतिनिकेतनात जपानी विभाग १९५४ साली सुरू झाला. महाराष्ट्रात पुणे हे जपानीचे माहेर; तिथे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात ही भाषा शिकून किती तरी जण दुभाषे, अनुवादक, शिक्षक झाले. पुण्यात जपानी शिकलेले योगेंद्र पुराणिक एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, तेव्हा त्या बातमीचे कात्रण आपल्या वर्गाच्या दारावर बरेच दिवस चिकटवलेले होते. आपण त्या परंपरेत कुठे बसत नाही. आपण पुरवणी.

पुण्याशी संबंध आला तो परीक्षेमुळे. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा १९८४ पासून होते. २०१० पासून तिच्या पाच पायऱ्या, एन-पाच सर्वांत खालची, एन-एक सर्वांत वरची. जुलै आणि डिसेंबरचा पहिला रविवार. आमची मुले शनिवारी रात्रभर रेल्वेत, मांडीवर चित्राक्षरांचे पत्ते, सकाळी पुणे स्टेशनवर तोंड धुऊन थेट केंद्रावर. या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते, सगळे वाचणे आणि ऐकणे. त्यामुळे एक चमत्कारिक जात तयार होते : प्रमाणपत्र भिंतीवर आणि तोंड बंद. सरांना त्याचा राग येई. परीक्षेहून परतलेल्या मुलाला ते आधी 'परीक्षा कशी गेली' हे जपानीत सांगायला लावत, मगच पेढा घेत.

केंद्रावर कुणी विचारले, 'कुठून आलात?' आणि आपल्या मुलांनी 'हिंगण्याहून' सांगितले, की समोरचा म्हणे, 'मग इथलेच की! कर्वेनगरचे.' कारण पुण्याचेही एक हिंगणे आहे. दोन्ही नावे हिंगणाच्या झाडावरून पडली असावीत असे मला वाटते. पण गंमत अशी, की जपानचे शिक्षण आपल्याआधी त्या हिंगण्याला पोचले होते. महर्षी कर्व्यांनी आपला आश्रम १९०० साली हिंगण्याला हलवला. १९१५ मध्ये काशीच्या शिवप्रसाद गुप्तांनी जपानहून परतल्यावर त्यांना एक पुस्तिका पाठवली : टोकियोतल्या महिला विद्यापीठाची. ते विद्यापीठ जिंझो नारुसे यांनी १९०१ मध्ये काढलेले. कर्व्यांनी ती वाचली, मनात घोळवली, त्या वर्षअखेरच्या सामाजिक परिषदेत महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते सुरूही केले. आज आपण त्याला एसएनडीटी म्हणून ओळखतो. पुढे जगप्रवासात ते जपानलाही जाऊन आले. एका पुस्तिकेवर विद्यापीठ उभे राहू शकते, मग आमच्या चौकडीच्या वहीवर वर्ग का नाही, असे सर म्हणत; अर्थात टपालखर्चाच्या मंजुरीसाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवताना.

आणि पुण्याचे कशाला, जपान आपल्या दारात आधीच येऊन बसला होता. ज्या विद्यापीठाची पदवी आपली मुले घेतात त्याला २००५ पासून ज्यांचे नाव आहे, ते मोझरीचे तुकडोजी महाराज १९५५ साली जपानमधल्या विश्वधर्म परिषदेला गेले होते. त्याच्याही आधी, १९३३ मध्ये, निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्खू वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. 'नम्यो हो रेंगे क्यो' हा त्यांचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला आणि राहिला. सेवाग्रामात राहणाऱ्या जपानी भिक्खूला १९४१ च्या डिसेंबरात, जपान युद्धात उतरल्यावर, पोलिसांनी धरून नेले. मंत्राला कुणी हात लावला नाही. आपल्या वर्गातली वर्ध्याची एक मुलगी लहानपणापासून तो रोज म्हणत आलेली, अर्थ ठाऊक नव्हता. सरांनी फोड करून दिली. सुरुवातीचा 'नमु' म्हणजे आपलाच 'नमः', बाकीचे सद्धर्मपुंडरीक सूत्राचे जपानी नाव. ती घरी जाऊन आजीला म्हणाली, आपण रोज जपानी बोलून राहिलो आजी. आजी म्हणाल्या, असेल.

नागपुरात तर इंदोऱ्याच्या विहारातले भदंत सुरई ससाई. ओकायामाकडचा हा माणूस साठच्या दशकात भारतात आला, नागपूरचा झाला, पुढे भारतीय नागरिक झाला. इथल्या लोकांना ते भंतेजी म्हणूनच माहीत, जपानी हे नंतर आठवते. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान त्याच ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेले आहे. आपल्या वर्गाची सहल मात्र बागेत न जाता कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला जाते. १९९९ मध्ये नोरिको ओगावा यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे विहार मुलांना ठाऊक असते ते फोटो काढण्याची जागा म्हणून. तिथे चंदनाच्या बुद्धमूर्तीसमोर बसून सर जपानी देवांची यादी सांगत. सरस्वती तिकडे बेन्झाइतेन झाली, यम एम्मा झाला, महाकाळाचा झाला दाइकोकुतेन, आणि तो पाठीवर पोतडी टाकून हसतो. नरकाला ते 'नाराकु' म्हणतात. सहलीचा डबा उघडेपर्यंत मुले गप्प असत, हे मी दुसऱ्या कुठल्या सहलीत पाहिलेले नाही.

संस्कृतीच्या नावाखाली आपण काय काय केले, ते थोडक्यात. कागदाच्या घड्यांचे पक्षी केले, दर वर्षी. हायकू लिहिले, शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हा प्रकार मुलांना आवडतो, कारण तीन ओळींत सुटका होते. चहाचा विधी एकदा केला, हिरवी पूड मिळाली नाही म्हणून गवती चहा घातला, आणि मे महिन्याच्या उन्हात गुडघे दुमडून बसलेल्यांपैकी दोघांना उठवून उभे करावे लागले. तो पुन्हा केला नाही.

सर थकले तसे शनिवार आमच्याकडे आले, म्हणजे मी आणि एन-तीन उत्तीर्ण झालेल्या दोन माजी विद्यार्थिनी. त्या काळात वर्गाने चार खोल्या बदलल्या. जिल्हा-तालुक्याच्या परीक्षा लागल्या की आम्ही वाचनालयाच्या जिन्यात. मार्च २०२० नंतर तर खोलीच उरली नाही. कान्होलीबाऱ्याकडचा एक मुलगा नेटवर्कसाठी धुऱ्यावर जाऊन बसायचा. त्याच्या प्रत्येक उत्तरामागे बैलाची घंटा ऐकू यायची. 'उशी', सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. बैलालाही तोच शब्द.

साथीनंतर वर्गाची जात बदलली. ऑक्टोबर २०१७ मध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थींसाठी आणि जानेवारी २०२१ मध्ये 'निर्दिष्ट कौशल्य' कामगारांसाठी भारत-जपान करार झाले. जपान म्हातारा होतो आहे, त्याला सांभाळणारे हात हवेत. पूर्वी आमच्याकडे यंत्र आणि संगणकाची मुले येत; आता नर्सिंगच्या मुली येतात, दुपारची पाळी संपवून, केसांना अजून जाळी. त्यांच्यामागोमाग दलालही आले. भाषा न शिकवता व्हिसाची स्वप्ने विकणाऱ्या एकाने आपल्या एका मुलीच्या बापाची दोन एकरांची रक्कम अडकवली होती. ती सोडवायला वर्ष गेले. तेव्हापासून पहिल्या शनिवारी मी व्याकरणाआधी पैशांचे बोलतो. कोणाला किती द्यायचे, आणि कोणाला एक रुपयाही द्यायचा नाही. काही जुन्या विद्यार्थ्यांना हे आवडत नाही, वर्गाचा भाषाविचार गेला म्हणतात. त्यांचे खरे आहे. पण या मुलींना 'ताबेते इरु' शिकवायला आजही दोनच मिनिटे लागतात, कारण वॉर्डात त्या रोज तेच विचारतात, आजी जेवून राहिल्या का?

मामांचे राहिले. त्यांना इतक्या वर्षांत दोन शब्द येतात. शनिवारी त्यांनी विचारायचे, "आज आहे का?" आणि आम्ही म्हणायचे, "आरिमासु", आहे. वर्ग नसला की ते जिन्यातूनच पोरांना ओरडून सांगतात, "आरिमासेन!" आणि पोरे माघारी फिरतात. या स्मरणिकेचे काम चालू असतानाचीच गोष्ट. ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन बाकावर टेकले, कंबरेला हात लावून. एक मुलगी सराव म्हणून त्यांच्यापुढे वाकली आणि म्हणाली, "दोको गा इताइ देसु का?"

मामांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, कुठं दुखतं, विचारून राहिली.

"हे इथं," त्यांनी बोट ठेवले.

"कोशी," ती म्हणाली.

"कोशी," मामा म्हणाले, आणि उठून खोलीला कुलूप लावले.